लाल दिसलं की थांब

केयोनच्या कारखान्यात दिवसभर मी
साल्मनच्या मांसातले काटे उपसते.
चिमट्यानं. एका तुकड्यात अठ्ठावीस, कधी तीस.
बोटानं चाचपायचं, टोक लागलं की
डोक्याच्या बाजूला ओढायचं, तिरकं,
नाहीतर मांस फाटतं
आणि मुकादम काही न बोलता
तुकडा दुसऱ्या पेटीत टाकतो.

आज रात्री तोच चिमटा
उकळत्या पाण्यातून काढून
चुलीशेजारी फडक्यावर ठेवलाय.

मंगळवारी वाऱ्यानं वीज गेली, सहा तास.
उबवणीच्या पेटीवर मी घोंगडी घातली,
गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या,
तरी बारातली नऊ अंडी गप्पच राहिली.
दोन पिल्लं काल निघाली, वाळली,
भांडायलासुद्धा लागली.
हे तिसरं.
निळ्या टरफलाला आतून
मसुराएवढं भोक पाडून
काल दुपारपासून तिथंच थांबलंय.

भोकात चोचीचं टोक दिसतं.
भोवतीचा पापुद्रा आता पांढरा नाही,
वाळून पिवळट, चिवट,
जुन्या चिकटपट्टीसारखा चोचीला धरून बसलाय.
आधी ते ओरडायचं.
आता नुसतं, झोपेत कुणी हाक मारल्यावर
"हं" म्हणावं, तसं.

ओर्फेलिना यीस्ट मागायला आली होती.
वाकून बघितलं आणि म्हणाली,
"ज्याला बाहेर येता येत नाही
त्याला बाहेर करायचंय काय?"
चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, कोंबड्यांत जन्म गेला,
उगाच बोलत नाही.
तिचा धाकटा सातव्या महिन्यात जन्मला,
बुटांच्या खोक्यात, याच बेटावर,
अशाच एका चुलीच्या उघड्या दारापुढे जगला.
मला तिनंच सांगितलंय.
मी आत्ता ते काढलं नाही.

कोमट पाण्यात बुडवलेला कापूस.
थेंब चोचीवर नाही, कडेला.
टरफलाची एक कपची, नखाएवढी.
दुसरी.
तिसरीखाली पापुद्र्यात
केसाएवढी लाल रेघ उमटली, आणि फुटली.

थांब.

हाताला हे येत नाही.
हाताला पट्टा माहीत आहे, जो थांबत नाही,
अर्धवट काम पुढे जाऊ न देणं माहीत आहे.
मनगट दुखत होतं तरी बोटं
पुढच्या कपचीकडे निघालीच होती.
मी चिमटा खाली ठेवला
आणि हात मांड्यांखाली घेऊन बसले.

रेघेवरचा थेंब मोहरीएवढा झाला, तिथंच थिजला.
ओलं फडकं, झाकण, दिवा.
लाकूड. परत लाकूड.

आमच्याकडे कुणाला जागा बदलायची असली
तर गाव जमतं, बैल जुंपतात,
अख्खं लाकडी घर ओढत नेतात,
कधी भरतीच्या पाण्यावर तरंगवत.
आतलं पिल्लूही तेच करत होतं बहुतेक:
भिंतींतलं रक्त एकेका वाटेनं आत ओढत होतं,
उरलेला बलक बेंबीतून पोटात घेत होतं.
मला वाटलं होतं ते अडकलंय.
थोडं अडकलंही होतं.
थोडं मात्र त्याचं सामान आवरायचं राहिलं होतं,
आणि मी दार उघडून उभी, चल म्हणत.

चारला परत पाहिलं. रेघा फिकटल्या होत्या.
पाऊण गोल कपच्या काढल्या,
चोचीवरचा पापुद्रा सोलला.
लाल नाही.
शेवटचा भाग सोडला त्याच्यासाठी.
ते ढकलतं, झोपतं, ढकलतं.
मीही पाय जमिनीला रेटत होते
हे नंतर कळलं.

पाचला बाहेर. ओलं, कुरूप, मान टाकलेलं.
उजवं मधलं बोट वाकडं.
चिकटपट्टीची बारीक चिंधी कापून
मी ते सरळ बांधलं. राहील का, माहीत नाही.

साडेपाचला कारखान्याची गाडी खाली वाजली.
ओर्फेलिना यीस्ट परत द्यायला आली, इतक्या पहाटे.
पेटीकडे बघितलंच नाही तिनं.
"लाकूड ओलं घातलंयस," म्हणाली,
चुलीचं दार उघडलं,
आणि माझ्या खुर्चीत बसली.